सॅलस्टची कीर्तिमीमांसा व कल्याणची आख्यायिका

१

रोमन इतिहासकार सॅलस्ट याचे दोन लहान ग्रंथ आज संपूर्ण उपलब्ध आहेत. एक कॅटिलाइनच्या कटाविषयीं व दुसरा आफ्रिकेंतील राजा जुगुर्था याच्याशीं रोमनें केलेल्या युद्धाविषयीं. तिसरा व मोठा ग्रंथ खंडित झाला असून त्यांतील कांहीं भाषणें, पत्रें व तुटक वचनें एवढींच हातीं लागतात. दोन्ही लहान ग्रंथांच्या आरंभीं, मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं, मनुष्यस्वभाव, सद्गुण व कीर्ति यांविषयीं त्यानें कांहीं प्रकरणें लिहिलीं आहेत. या प्रकरणांचा पुढील कथाभागाशीं कांहीं संबंध नाहीं, असा आक्षेप क्विंटिलियन या अलंकारशास्त्रज्ञानें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतच नोंदविला होता. आम्हांस तो मान्य नाहीं. थोरांचीं कृत्यें लिहावयास बसणारानें कीर्ति कोण निर्माण करतो, ती कोणत्या आधारावर टिकते आणि वाचणारा कोठपर्यंत विश्वास ठेवतो, या प्रश्नांचा विचार आधींच केला पाहिजे. बखरी चाळणाऱ्या मराठी अभ्यासकास तर हे प्रश्न पदोपदीं पडतात.

सॅलस्टचे हे विचार कितपत खरे आहेत तें प्रस्तुत लेखांत पाहावयाचें आहे. त्यासाठीं दूरचें उदाहरण शोधण्याचें कारण नाहीं. आम्ही ज्या शहाड गांवीं बसून हें लिहीत आहों, तें उल्हास नदीच्या कांठीं, कल्याणास लागूनच आहे. आणि कल्याणचें नांव निघतांच जी आख्यायिका प्रत्येक मराठी मनुष्यास आठवते, ती या परीक्षेस सर्वथा योग्य आहे.

२

प्रथम ग्रंथकाराविषयीं थोडें. गायस सॅलस्टियस क्रिस्पस हा इ. स. पूर्वी ८६ मध्यें सॅबाइन मुलखांतील आमिटर्नम येथें जन्मला. इ. स. पूर्वी ५२ मध्यें तो ट्रिब्यून झाला, ५० मध्यें सीनेटमधून काढला गेला, आणि सीझरच्या आश्रयानें पुन्हां वर आला. इ. स. पूर्वी ४६ मध्यें सीझरनें त्यास नव्या आफ्रिका प्रांताचा अधिकारी नेमिलें. तेथून परतल्यावर त्याच्यावर प्रांत लुबाडल्याचा आरोप आला. सीझरच्या कृपेनें तो निभावला. रोममधील त्याचे बगीचे पुढें त्याच्याच नांवानें प्रसिद्ध झाले. सीझरच्या वधानंतर राजकारण सोडून त्यानें लेखणी हातीं घेतली.

अशा मनुष्यानें लोभाविरुद्ध लिहावें याची प्राचीनांनींहि थट्टा केली आहे. ग्रंथपरीक्षणांत मात्र वक्त्याच्या चरित्रापेक्षां वचनाचा विचार प्रधान असावा, असें आम्हांस वाटतें. शिवाय त्यानें आपलें पूर्वायुष्य अगदींच लपविलेलें नाहीं. तरुणपणीं सार्वजनिक कार्यांत पडलों असतां तेथील निर्लज्जपणा, लांच व लोभ आपणांस आवडत नव्हते, तरी महत्त्वाकांक्षेनें आपणांस त्यांतच धरून ठेविलें, असें तो सांगतो. लोभाचें वर्णन तो ज्या बारकाईनें करतो तें बाहेरून पाहणारास साधलें नसतें.

३

त्याच्या विचारांचा सारांश असा. मनुष्य शरीर व मन या दोहोंचा बनलेला आहे. शरीर पशूंशीं समान आहे, मन देवांशीं. म्हणून मनानें आज्ञा करावी व शरीरानें ती पाळावी. संपत्ति व रूप हीं चंचल आहेत, गुण मात्र टिकतो. आयुष्य अल्प असल्यामुळें आपली स्मृति शक्य तितकी दीर्घ करणें हें मनुष्यास योग्य होय. दुसऱ्या ग्रंथांत तो म्हणतो कीं, मनुष्यस्वभाव दुबळा असून यदृच्छेच्या स्वाधीन आहे ही लोकांची तक्रार खोटी आहे; उणें पडतो तो उद्योग, सामर्थ्य नव्हे.

संस्कृत वाचकास यांत नवें असें थोडेंच आहे. आहारादि व्यवहार पशूंचे व मनुष्यांचे सारखेच, भेद तो धर्माचा, हें हितोपदेश शिकलेल्या मुलासहि ठाऊक असतें. देहापेक्षां यशोरूप शरीर जपावें हा विचार कालिदासानें रघुवंशांत दिलीपाच्या तोंडीं घातला आहे. कवींवांचून पराक्रमी राजांचें स्मरणहि उरत नाहीं, आणि भूतकाळ सांगणारानें न्यायाधीशाप्रमाणें रागद्वेष सोडून बोलावें, हे दोन्ही विचार कल्हणानें बाराव्या शतकांत राजतरंगिणीच्या आरंभीं मांडले आहेत. तेव्हां सॅलस्टचें महत्त्व या सामान्य सिद्धान्तांत नाहीं. तें पुढील तीन निरीक्षणांत आहे.

पहिलें अथेन्सविषयींचें. अथेन्सच्या लोकांचे पराक्रम मोठे खरे, पण त्यांच्या कीर्तीएवढे मोठे नव्हेत, असें तो म्हणतो. तेथें प्रतिभावान् लेखक झाले, म्हणून तीं कृत्यें जगांत सर्वश्रेष्ठ ठरलीं. रोममध्यें उलट स्थिति होती. तेथील उत्तम पुरुष बोलण्यापेक्षां करणें पसंत करीत, आणि दुसऱ्यांचीं कृत्यें लिहीत बसण्यापेक्षां आपलीं कृत्यें दुसऱ्यांनीं वाखाणावीं हें त्यांस बरें वाटे. म्हणजे कीर्तीचें माप हें कर्त्याच्या गुणाइतकेंच लेखकाच्या शक्तीचेंहि माप असतें.

दुसरें वाचकाविषयींचें. लेखकानें दोष दाखविला तर वाचणारे त्यास मत्सर म्हणतात. गुण दाखविला तर आपणांस सहज करतां येईल असें वाटतें तेवढ्यावरच विश्वास ठेवतात, त्यापलीकडचें तें बनावट मानतात. हा विचार त्यानें थ्युसिडिडीझकडून घेतला आहे. पेरिक्लीझच्या भाषणांत तो येतो. पण भाषणांतील वाक्य उचलून इतिहासलेखकाच्या अडचणींत बसविणें ही योजना सॅलस्टची.

तिसरें महत्त्वाकांक्षा व लोभ यांतील भेदाविषयींचें. इ. स. पूर्वी १४६ मध्यें कार्थेज पडल्यावर रोमचें भय गेलें व ऱ्हास सुरू झाला, असें त्याचें मत आहे. प्रथम महत्त्वाकांक्षा वाढली, नंतर लोभ. महत्त्वाकांक्षा हा दोषच, परंतु सद्गुणाच्या शेजारचा. कारण मान, कीर्ति व अधिकार भल्याबुऱ्या दोघांसहि हवा असतो. एक सरळ वाटेनें जातो, दुसऱ्यास ती वाट साधत नाहीं म्हणून तो कपटानें मिळवूं पाहतो.

४

सिद्धान्त कसाहि असो, लेखकाची खरी परीक्षा तो पुराव्याशीं कसा वागतो यावर होते. कॅटिलाइन हा सॅलस्टच्या ग्रंथांतील खलपुरुष. त्यानें कटवाल्यांस शपथ देतांना मद्यांत नररक्त मिसळून पेले फिरविले, अशी वदंता होती. सॅलस्ट ती नोंदवितो. आणि कित्येकांच्या मतें सिसेरोवरील लोकक्षोभ कमी व्हावा म्हणून ही व अशा इतर गोष्टी रचण्यांत आल्या, हेंहि नोंदवितो. नंतर तो म्हणतो कीं, एवढ्या भयंकर गोष्टीस पुरेल इतका पुरावा आपणांस आढळला नाहीं. ज्याची निंदाच करावयाची आहे त्याच्याविरुद्धची सोयीची कथा पुराव्याअभावीं बाजूस ठेवणें ही साधी गोष्ट नव्हे. याच न्यायबुद्धीनें त्यानें शेवटीं कॅटिलाइनचें प्रेत आपल्या लोकांपासून फार पुढें, शत्रूंच्या प्रेतांत पडलेलें दाखविलें आहे.

त्याच्या लेखनांत उणीवहि आहे. कॅटिलाइनचें कॅटुलसला लिहिलेलें पत्र तो प्रत म्हणून देतो. पण सीनेटमधील सीझर व केटो यांचीं भाषणें त्यानें स्वतः रचलीं आहेत. केटोचें मूळ भाषण सिसेरोनें लघुलेखकांकडून उतरून घेवविलें होतें व तें टिकलें होतें, असें प्लुटार्क सांगतो. अस्सल कागद हातच्या अंतरावर असतांना रचलेलें भाषण देणें आजच्या संशोधकास रुचणार नाहीं.

निंदेच्या कथेस लावलेली कसोटी स्तुतीच्या कथेसहि लावावी काय, हा प्रश्न सॅलस्टनें विचारला नाहीं. तो आपण विचारूं.

५

कल्याणची आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. कल्याण घेतल्यावर तेथील सुभेदाराची लावण्यवती सून शिवछत्रपतींपुढें नजर करण्यांत आली. महाराजांनीं तिच्या रूपाकडे मातृभावानें पाहिलें, आणणारास दोष दिला, व वस्त्रालंकार देऊन तिला सन्मानानें परत पाठविलें.

कल्याण व भिवंडी इ. स. १६५७ च्या उत्तरार्धांत स्वराज्यांत आलीं, व लवकरच येथील खाडींत आरमाराचीं जहाजें बांधलीं जाऊं लागलीं. हा भाग निश्चित आहे. आख्यायिकेची स्थिति निराळी आहे. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लिहिलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरींत ती नाहीं. महाराजांस प्रत्यक्ष पाहिलेल्या पिढीचा हा लेखक धन्याचे गुण सांगण्यास मुळींच संकोच करीत नाहीं; तरी ही कथा तो सांगत नाहीं. ग्रँट डफनें १८२६ च्या आपल्या इतिहासांत आबाजी सोनदेवानें कल्याण घेऊन मुल्ला अहमद या अधिकाऱ्यास कैद केलें, व शिवाजीनें त्यास सन्मानानें विजापुरास जाऊं दिलें, असें लिहिलें आहे. ही घटना तो १६४८ च्या सुमारास घालतो. सन्मान झाला तो अधिकाऱ्याचा. सुनेची कथा उत्तरकालीन लेखनांतून व पोवाडे, कीर्तनें, नाटकें, पाठ्यपुस्तकें यांतून वाढत गेली.

आतां रोमन इतिहासांतील एक समांतर उदाहरण पाहावें. इ. स. पूर्वी २०९ मध्यें सिपिओनें स्पेनमधील नवें कार्थेज घेतलें. तेथें सैनिकांनीं एक अतिशय सुंदर तरुणी त्याजपुढें आणिली. तिचें वाग्दान अल्युसियस नांवाच्या केल्टिबेरियन सरदाराशीं झालें आहे असें कळतांच सिपिओनें तिला त्याच्या स्वाधीन केलें, आणि तिच्या आईबापांनीं आणिलेलें सोनें वरास आंदण म्हणून दिलें, असें लिव्ही सांगतो. त्याच्या आधींच्या पोलिबियसमध्येंहि ही हकीकत थोड्या निराळ्या रूपांत आहे. परंतु दुसऱ्या शतकांतील ऑलस गेलियस हा संग्राहक सांगतो कीं, व्हॅलेरियस अँटियास या जुन्या इतिहासकाराच्या मतें सिपिओनें ती मुलगी परत केलीच नाहीं, आपल्याकडेच ठेवून घेतली. त्याच ठिकाणीं गेलियस डरायसच्या स्त्रियांशीं अलेक्झांडर कसा वागला याची आठवण देतो. म्हणजे विजयी तरुण सेनापति, बंदिवान सुंदरी, संयम व वर देणगी, हा सांचा फार जुना आहे. कथा एका सांच्यांतील आहे एवढ्यावरून ती खोटी ठरत नाहीं. पण सांच्यांत नीट बसणाऱ्या कथेचा पुरावा अधिक काळजीनें पाहावा लागतो.

येथें सॅलस्टचें वाचकाविषयींचें निरीक्षण आम्हांस अपुरें वाटतें. वाचणारा स्वतःच्या शक्तीपलीकडचें मानीत नाहीं, हें बरोबरीच्या मनुष्याविषयीं खरें आहे. ज्यावर भक्ति जडली आहे त्याजविषयीं उलट घडतें. जें आपल्या हातून होणार नाहीं तेंच त्याच्या हातून झालें असलें पाहिजे, असें भक्त धरून चालतो. सॅलस्टच्या विचारांत मत्सराला जागा आहे, भक्तीला नाहीं. सीझर व केटो या दोघांसहि जवळून पाहिलेल्या लेखकास तिची गरज पडली नसावी. बखरी वाचणारास ती पडते.

६

मग आख्यायिका बाजूस ठेवली तर त्या गुणाचें काय राहतें? आमच्या मतें पुष्कळच राहतें, आणि जें राहतें तें अधिक भक्कम आहे.

पहिला पुरावा रांझें गांवच्या पाटलाविषयींच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्राचा. तेव्हां शिवाजीराजांस सोळावें वर्षहि पुरें झालें नव्हतें. पाटलाकडून बदअमल झाला, चौकशींत तो शाबीत झाला, व त्याचे हातपाय तोडण्यांत आले, असें त्यांत आहे. हा अपराध स्त्रीविषयक होता असें सर्वत्र सांगण्यांत येतें. पत्रांत मात्र ‘बदअमल’ एवढाच शब्द आहे. अर्थ करणारानें तो अर्थ आहे हें सांगूनच करावा. एवढें जपूनहि पत्राचें मोल कमी होत नाहीं. वतनदार पाटील गैरवर्तनाबद्दल चौकशीस व शिक्षेस पात्र होतो, हें त्यावरून सिद्ध होतें.

दुसरा पुरावा सभासदाचा. लष्कराचे नियम सांगतांना तो लिहितो कीं, फौजेंत बायका, बटकी व कलावंतिणी ठेवूं नयेत, ठेवणारास देहान्त शासन व्हावें. परमुलखांत बायकापोरें धरूं नयेत. सुनेची कथा न सांगणारा लेखकच हा नियम सांगतो, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

तिसरा पुरावा शत्रुपक्षाचा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत लिहिणारा खाफीखान शिवाजीराजांचा उल्लेख शिव्यांवांचून करीत नाहीं. तोच लिहितो कीं, लुटीस गेलेल्या लोकांनीं मशीद, धर्मग्रंथ किंवा स्त्रिया यांस उपद्रव देऊं नये असा त्यांचा नियम होता. आणि बंदींत सांपडलेल्या निराधार स्त्रियांचें, त्यांचे आप्त योग्य दंड भरून सोडवून नेईपर्यंत, रक्षण होई. या दंडाचा उल्लेख महत्त्वाचा आहे. आख्यायिकेंत वस्त्रालंकार आहेत, खाफीखानाच्या लेखांत दंड आहे. स्तुतीच्या सांच्यांत न बसणारा हा बारकावाच त्या साक्षीस विश्वासार्ह करतो.

चौथा पुरावा चिपळूणकडील छावणींतील लष्करी अधिकाऱ्यांस लिहिलेल्या पत्राचा. पावसाळ्याची बेगमी आतांच उधळली तर पुढें घोडीं उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरीं शिरून दाणा, भाकर, गवत, भाजी घेऊं लागतील, आणि रयतेस मोंगलांपेक्षांहि हेच वाईट वाटतील, असा त्याचा आशय आहे. हवें तें बाजारांतून विकत घ्यावें, जुलूम करूं नये, असा हुकूम आहे. उघड्या दिव्याची वात उंदरानें नेली तर गवताच्या गंजी पेटतील, ही काळजीहि त्यांत आहे.

मनुष्यस्वभावाचें हें ज्ञान सॅलस्टच्या ज्ञानाहून निराळ्या जातीचें आहे. रोमचें मोठेपण कशानें आलें याचा पुष्कळ विचार करून तो या निर्णयास आला कीं, तें थोड्या नागरिकांच्या असामान्य सद्गुणानें आलें. आपल्या काळीं असे दोनच पुरुष झाले म्हणून त्यानें सीझर व केटो यांची तुलना केली: एक देऊन व क्षमा करून मोठा झाला, दुसरा कोणास कांहीं न देतां, केटो कीर्तीच्या मागें जितका कमी लागे तितकी ती त्याच्या मागें येई. तुलना मार्मिक आहे. पण त्यांत सद्गुण हा सर्वस्वीं व्यक्तीचा अलंकार राहतो. व्यक्ति गेली कीं तोहि गेला, आणि मागें रडणें उरलें. सॅलस्टच्या साऱ्या ग्रंथांतून तें ऐकूं येतें.

छावणीचें पत्र लिहिणारा आपले शिपाई केटो आहेत असें धरून चालत नाहीं. ते भुकेले झाले कीं चोरी करतील, हें त्यास ठाऊक आहे. म्हणून तो दाणावैरणीचा हिशेब आधीं मागतो. लष्करी नियम करणारासहि तेंच ठाऊक होतें. सामान्य स्वभावाच्या मनुष्याकडूनहि बरें वर्तन व्हावें अशी व्यवस्था लावणें हा सद्गुणाचा असा प्रकार आहे, कीं ज्यास सॅलस्टच्या मीमांसेंत नांव नाहीं. आमच्या मतें हीच त्या मीमांसेची मोठी उणीव होय.

७

हा भेद केवळ पंडिती नाहीं. चिमाजीअप्पांनीं वसईच्या फिरंगी अधिकाऱ्याच्या स्त्रीस सन्मानानें परत पाठविलें, अशी कल्याणच्या कथेची धाकटी बहीण वसईसहि नांदते. मे १७३९ च्या तहांत शिबंदीस व लोकांस कुटुंबकबिल्यासह निघून जाण्याची मोकळीक दिलेली होती, हा कागदावरचा पुरावा मात्र फार थोड्यांस ठाऊक असतो. सावरकरांनीं ‘सहा सोनेरी पानें’ या ग्रंथांत या दोन्ही कथा खऱ्या धरून या वर्तनास सद्गुणविकृति ठरविलें व त्याबद्दल दोष दिला. ज्या कथेवर पिढ्यान् पिढ्या स्तुति उभी राहिली तीवरच अशी निंदाहि उभी राहिली. दोन्ही पक्ष प्रसंगाविषयीं भांडतात. नियमाकडे कोणीच पाहत नाहीं. प्रसंग असिद्ध ठरला तर स्तुति व निंदा दोन्हीहि निराधार होतात. नियम सिद्ध आहे, आणि ज्यास वाद करावयाचा आहे त्यानें तो त्याविषयीं करावा.

कल्याणच्या शाळांत ही कथा सांगूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांनीं आपल्या राजाची स्मृति कोणत्या रूपांत जतन केली हें तीवरून कळतें, आणि तीहि इतिहासाची एक नोंदच आहे. पूर्वजांचे मेणाचे मुखवटे पाहून थोर रोमनांचीं मनें पेट घेत, तरी ती शक्ति मेणांत नसून कृत्यांच्या स्मरणांत होती, असें सॅलस्ट जुगुर्थाच्या ग्रंथांत सांगतो. तसेंच येथें समजावें. मात्र आख्यायिका ती आख्यायिका म्हणून सांगावी, आणि त्याच तासाला रांझ्याचें पत्र त्यांतील ‘बदअमल’ या एका शब्दासह, सभासदाचा नियम आणि खाफीखानाची साक्ष मुलांपुढें ठेवावी. दुर्गाडीच्या पायथ्याशीं वाढणाऱ्या मुलांस पुरावा म्हणजे काय हें शिकविण्यास याहून जवळचें साधन नाहीं.